आधी बाटली, मग नळी

माझ्या पोटावर जरा कान ठेवून पाहा, मित्रांनो. लांबून, खूप लांबून, विहिरीच्या तळाशी कुणी गुणगुणत असावं तसं ऐकू येईल. तो वारा आहे. माझ्या डोक्यावर श्वास घ्यायची एक वाकडी नळी आहे. तिच्यातून वारा आत उतरतो, दोन गिरक्या घेतो आणि जुन्या आठवणी चाळवून निघून जातो. मी एक जुनी टाकी आहे. दोन चाकांची, गोल पोटाची, मागे लोंबती साखळी असलेली. मी डिझेल वाहायचे. रानातल्या रस्त्यावर जिथं यंत्रं राबत असायची, थेट तिथं नेऊन पोचवायचे.

नमनाला घडाभर तेल घालायची माझी सवय नाही. तेलाचा थेंब न् थेंब काय असतो, ते मला ठाऊक आहे. पण माझ्या जन्माआधीचं थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी रस्त्यांच्या यंत्रांचा डेपो होता. पत्र्याची लांब शेड, खडीचे ढीग, किल्ल्या टांगायची फळी आणि दारात एक मोडकी खुर्ची. तिथून अठरा किलोमीटरचा कच्चा रस्ता वर चढत चढत शेवटच्या वस्तीपर्यंत जायचा. जायचा म्हणजे, जायला हवा होता. दरवर्षी पावसानं त्याच्यावर चाकोऱ्या पडायच्या, कडा ढासळायच्या. मग ग्रेडर यायचा आणि आपल्या लांब पात्यानं रस्ता खरवडून सपाट करायचा. त्याच्यामागून रोलर यायचा आणि मुरूम दाबून बसवायचा. ही दोन्ही यंत्रं फार खादाड. आणि खाणं होतं फक्त डेपोत.

त्यामुळे व्हायचं काय, की सकाळी वर गेलेला ग्रेडर दुपारी काम टाकून तेलासाठी खाली यायचा. येता-जाता निम्मं तेल चालण्यातच जाळायचा. रोलरचं तर विचारूच नका. रोलर एकदा तेलाला निघाला की परत कामावर पोचेपर्यंत त्याच्या ऑपरेटरची दाढी वाढते, असं डेपोत म्हणायचे. कधी ट्रकमधून पिंप पाठवत. मग नळीचं एक टोक पिंपात, दुसरं तोंडात. श्वास ओढायचा आणि तेल आलं की थुंकायचं. अर्धं टाकीत, उरलेलं मातीत.

हे थुंकायचं काम ज्यांच्याकडे होतं, ते म्हणजे थेंबकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटात असेल. डेपोत सगळे त्यांना थेंबकाका म्हणत, कारण सांडलेला प्रत्येक थेंब ते डोळ्यांनी मोजत आणि दिवसभर हळहळत. वर्षानुवर्षं नळी ओढून त्यांच्या जिभेची चव गेली होती. घरी काकू म्हणायच्या, "ह्यांना काहीही वाढा, हे म्हणणार छान झालंय. ह्यांच्यासाठी रांधण्यात काही अर्थ नाही."

दरवर्षी काम पंधराव्या किलोमीटरच्या दगडापाशी येऊन थांबायचं. मुदत संपायची आणि यंत्रं दुसऱ्या विभागाकडे जायची. वरचे तीन किलोमीटर राहायचे ते राहायचेच. त्या तीन किलोमीटरांच्या टोकाला, शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या घरात, थेंबकाकांची थोरली बहीण राहायची. त्यांची आक्का.

आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तिला उजेड तेवढा कळायचा. त्यातली माणसं कळायची नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्याची गाडी पंधराव्या दगडापर्यंत यायची, त्यापुढे तिला चाक टाकायला जागा नव्हती. चार जणांनी आक्काला पाठीवर घेऊन खाली आणायची तयारी दाखवली. आक्का ऐकेना. तिचा नवरा असाच एकदा आजारपणात पाठीवरून खाली नेला होता. तो परत आला नाही.

"मी पाठीवर जायची नाही," ती म्हणायची. "जाईन तर चाकावर, नाहीतर माझ्या पायांवर."

पण गुडघे धरलेले, वाट घसरणीची आणि डोळ्यांपुढे धुकं. पायांवर तीन किलोमीटर कुठली उतरणार? दवाखान्यातल्या नर्सबाईंनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षी झालं तर झालं. पुढच्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे हातचे जातील."

मित्रांनो, माझा जन्म या एका वाक्यातून झाला.

काका त्या दिवशी डेपोत आले ते थेट साहेबांसमोर उभे राहिले. आमचे साहेब म्हणजे डेपोचे इंजिनियर. सरळ माणूस, पण वरच्या ऑफिसचा फोन वाजला की खुर्चीतून अर्धे उठायचे.

"साहेब, यंत्रं तेलाकडे येतात, हेच उलटं आहे," काका म्हणाले. "जेवणाऱ्यानं शेतातून घरी यायचं की भाकरी शेतात न्यायची?"

"भाकरीला चाकं नसतात, काका."

"लावू की. शेडमागे पडलेल्या पत्र्यांचं काय करताय नाहीतर?"

साहेब हसले, मग विचारात पडले. शेवटी त्यांनी एका हंगामासाठी परवानगी दिली. म्हणाले, "या वर्षी रस्ता पंधराव्या दगडाच्या पुढे गेला तर टाकी राहील. नाही गेला तर भंगारात. मला वर उत्तर द्यावं लागतं."

अशी मी घडले. डेपोतल्या वेल्डरनं उरलेले पत्रे वाकवून माझं पोट केलं. तो मोठा अबोल माणूस. काचेच्या मुखवट्याआड त्याचा चेहरा कधी दिसला नाही. पण माझ्या प्रत्येक सांध्यावर तो बोट फिरवायचा, जसं आई बाळाच्या अंगावरचे तीळ मोजते. मोडक्या गाडीची चाकं मला मिळाली. हातानं फिरवायचा पंप बसवला, लांब नळी लावली, तेल गाळायला बारीक जाळी दिली. चालताना माझ्या अंगात वीज साठू नये म्हणून मागे जमिनीला टेकणारी साखळी सोडली. ती रस्त्यावर घासत जाताना छुमछुम वाजायची. काका म्हणाले, "पोरीला पैंजण छान शोभतात."

आणि माझ्या पोटाच्या अगदी तळाला वेल्डरनं एक छोटी तोटी बसवली. तेवढं एकच वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं. "काका, हिची ही तोटी रोज सकाळी सोडायची. विसरायचं नाही."

का, ते सांगते. टाकी भरलेली असली की निवांत असते. अर्धी रिकामी असली की आतल्या मोकळ्या जागेत हवा शिरते. दिवसा ऊन, नंतर गारवा, असं झालं की त्या हवेला घाम फुटतो आणि थेंब माझ्या भिंतींवरून ओघळून तळाशी जमतात. पाणी जड, तेल हलकं. वरून पाहाल तर सगळं सोन्यासारखं, आणि तळाशी ओंजळभर खोटेपणा. ते पाणी यंत्राच्या पोटात गेलं की यंत्र गुदमरतं. म्हणून नेम असा होता, की संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून उभी करायची आणि सकाळी तोटीतून काचेच्या बाटलीत तेल घेऊन ती उन्हाकडे धरायची. खाली पाण्याचा थर दिसला तर तो जाईपर्यंत सोडायचं. बाटली नितळ दिसली की मगच नळीला हात.

मला तो क्षण फार आवडायचा. डोंगरावरून ऊन नुकतंच उतरत असायचं. काका बाटली उंच धरायचे. तिच्यातून पिवळा उजेड त्यांच्या सुरकुत्यांवर सांडायचा आणि क्षणभर ते लहान मुलासारखे दिसायचे. मग बाटली फडक्यात गुंडाळून जीपच्या खणात ठेवायचे, मला जीपच्या मागे जोडायचे आणि आम्ही निघायचो.

अहाहा, ते दिवस. वळणामागून वळण, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला दगडांत उगवलेलं गवत. धुकं खाली आणि आम्ही वर. काका गाणं म्हणायचे. गळा काही गोड नव्हता, पण ओळी आईकडून आलेल्या होत्या आणि रस्ता पाहून ते त्या बदलायचे.

*वाट गं वळणाची, वळणा-वळणानं जाते,*
*कुणाच्या दारी थांबते, कुणाला पाठ दाविते.*

आणि मागे माझी साखळी ताल धरायची. मधूनच काका माझ्याशी बोलायचे. जीपमध्ये दुसरं कुणी नसायचंच. आक्काचं, काकूंचं, डेपोतलं, सगळं मला कळलं ते असं.

वर ग्रेडरवाली ताई वाट पाहत असायची. ग्रेडर चालवणारी बाई आमच्या विभागात ती एकटीच. उंच, सडसडीत, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. पातं इतकं हलक्या हातानं टेकवायची, की वाटावं ही रस्ता खरवडत नाही, विंचरतेय. आणि जीभ तिच्या पात्याहून धारदार.

"आली का राणीसाहेबांची पालखी?" ती विचारायची. "काका, उशीर झाला असता तर मी ग्रेडरला गवत घातलं असतं."

"घाल की. तुझ्याहून कमी खातो तो."

"माझं खाणं काढू नका, चव नसलेल्या माणसानं."

ती असं बोलायची आणि स्वतःच्या डब्यातलं पहिलं काकांपुढे सरकवायची. पहिल्या आठवड्यातच दोघांच्या लक्षात आलं, की भर कामात यंत्र थांबवून तेल भरण्यापेक्षा माणसं जेवायला बसतात तेव्हाच भरावं. मग तसंच ठरलं. माणसांचं आणि यंत्रांचं जेवण एकाच पंगतीला. दिवसातला तासभर वाचला. रोलर तर दाढी वाढण्याच्या आत पुढे सरकू लागला.

आणि एके दिवशी आम्ही पंधरावा दगड ओलांडला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईनं फक्त ग्रेडर थांबवला, खाली उतरून त्या दगडाला पाठ टेकली आणि म्हणाली, "बिचारा. इतकी वर्षं याला वाटत होतं, जग इथंच संपतं."

पुढे तीन किलोमीटर होते आणि हातात कामाचे बारा दिवस. महिनाअखेरीला दुपारी रोलर न्यायला ट्रक येणार होता, ग्रेडरही त्याच दिवशी जाणार होता. काकांनी दवाखान्यात निरोप दिला, की शेवटच्या दिवशी डोळ्यांची गाडी थेट वस्तीवर आणा. नर्सबाई हो म्हणाल्या. सगळं हिशेबात बसत होतं. दिवसाला पाव किलोमीटर. रोज संध्याकाळी काका रस्त्याच्या टोकाला उभे राहून आक्काच्या घराकडे बघायचे. छपराचा एक कोपरा झाडीतून दिसायचा.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगितल्याशिवाय सुटका नाही.

एक किलोमीटर उरला होता. पाच दिवस उरले होते, त्यातला पहिला साप्ताहिक सुट्टीचा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी अर्धी रिकामी होते. नेमाप्रमाणे मला डेपोत नेऊन भरायला हवं होतं. काकांनी विचार केला, "आहे तेवढं परवाला पुरेल. एक फेरी वाचली तर उद्या सकाळी इथूनच आक्काकडे चढता येईल." त्यांनी मला रस्त्याच्या कडेला, दोन चाकांना दगड लावून उभं केलं. अर्ध्या पोटी.

दुसऱ्या दिवशी ते आक्काकडे गेले आणि जाताना बाटली सोबत घेऊन गेले. तेलानं भरलेली. आक्काला दाखवायला.

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आक्का उंबऱ्यात बसली होती. काकांनी बाटली तिच्या हातात दिली आणि तिचा हात धरून उन्हासमोर उंच केला. "आक्का, काही दिसतं?"

आक्कानं बाटली डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाली, "पिवळं दिसतंय रे. हळदीसारखं. काय आहे हे?"

"याच्यावर रस्ता चालत तुझ्याकडे येतोय."

तीन वर्षांत आक्कानं पाहिलेला तो पहिला रंग. ती बाटली खाली ठेवेना. काका निघाले तेव्हाही ती तिच्या मांडीवर होती. बहिणीच्या मांडीवरून उजेड उचलून आणायचा कसा? काकांनी तो तिथंच राहू दिला.

इकडे मी दोन रात्री गारव्यात निवत होते, मधला दिवसभर उन्हात तापत होते. माझ्या आत घाम फुटत होता. एकेक थेंब भिंतीवरून ओघळत होता आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण टाकीला कंठ कुठला? वाऱ्यानं नळीत गुणगुण केली, तेवढीच माझी हाक.

कामाच्या सकाळी काकांनी खणात हात घातला. फडकं होतं, बाटली नव्हती. त्यांनी तोटीकडे पाहिलं. मग वर आक्काच्या छपराकडे पाहिलं. "एका दिवसानं काय होतंय," असं पुटपुटले आणि नळी उचलली.

ग्रेडर शंभर पावलं गेला असेल. तीनदा खोकला. पांढरा धूर सोडला. आणि वळणाच्या मधोमध, पातं जमिनीत रुतलेलं असताना, बंद पडला.

ताई उतरली. तिनं फिल्टरची वाटी उघडून तळहातावर उपडी केली. तळहातावर पाणी चमकत होतं. ती काकांकडे वळली. या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती.

"काका, आज बाटली धरली होती?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुपारी साहेब आले. वाटी पाहिली, घाम पुसला. "डेपोला तेल पुरवणाऱ्या पंपवाल्यानंच पाणी मिसळलं असणार," ते म्हणाले. "तसंच लिहितो. म्हणजे आपली टाकी वाचेल."

मित्रांनो, तेव्हा काकांनी फक्त मान हलवली असती तरी पुरे होतं. मीही वाचले असते, त्यांची अब्रूही वाचली असती. त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

"पंपवाल्याचा काही दोष नाही, साहेब. टाकी अर्धी मी ठेवली. बाटली बहिणीकडे मी विसरलो. विसरलो म्हणजे, ठेवून आलो."

साहेबांनी वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "काका, हे वर कळलं तर टाकी बंद करा म्हणतील. मला मग काही बोलता येणार नाही."

"टाकीला कशाला?" ताई मधे पडली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. "चुकला माणूस. माणसाला चार शब्द ऐकवा, मीही ऐकवते, मला चांगले येतात. पण तेल पुन्हा तोंडानं ओढायचं असेल तर आधी तुम्ही ओढून दाखवा, साहेब."

साहेबांनी नळीकडे पाहिलं. त्यांना ओढायची इच्छा दिसली नाही.

"असं करू," ताई म्हणाली. "आजपासून तेल देणाऱ्यानं एकट्यानं बाटली बघायची नाही. देणाऱ्यानं बघायची आणि घेणाऱ्यानंही बघायची. दोघं हो म्हणतील तेव्हाच नळी लागेल. हे लिहा वर." तिनं स्वतःचा काचेचा ग्लास उचलला, त्यातला चहा गवतात ओतला आणि काकांच्या हातात दिला. "तोपर्यंत हा घ्या. आणि उभे राहू नका, पाना द्या."

माझं पोट तळापर्यंत रिकामं करून पुसलं. ग्रेडरच्या नळ्या एकेक करून सोडल्या, धुतल्या, आतली हवा काढली. त्यात दीड दिवस गेला. दीड दिवस म्हणजे पावणेचारशे मीटर. हा हिशेब कुणी मोठ्यानं केला नाही, पण सगळ्यांनी केला होता.

त्यानंतर ताई जेवायलासुद्धा उतरली नाही. एका हातात घास, एका हातात दांडा. रोलरवाल्यानं तिच्या मागोमाग असा रोलर घातला, की लोक म्हणाले, हा आज कुणाशी शर्यत लावतोय. तरी शेवटच्या दिवशी दुपारी खाली ट्रकचा भोंगा वाजला, तेव्हा रस्ता संपला होता आणि घर आलं नव्हतं. पुढे झाडी, दगड आणि एक जुनी पायवाट.

डोळ्यांची पांढरी गाडी रस्त्याच्या टोकाला येऊन थांबली. नर्सबाई खाली उतरल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"जा ना वर, काका," ताई म्हणाली. "सांगा त्यांना, थोडंच राहिलंय."

"कोणत्या तोंडानं जाऊ?" काका माझ्या चाकाला टेकून खाली बसले. "दारात रस्ता आणतो म्हणालो होतो."

तेवढ्यात पायवाटेवरून आवाज आला. हळू, मोजका, म्हाताऱ्या बाईचा.

"एकशे बारा. एकशे तेरा."

झाडीतून आधी काठी दिसली, मग आक्का. मागे शेजारची सून धावत होती, हात धरू पाहत होती. आक्का तिला कोपरानं बाजूला सारत होती. काठी नसलेल्या हातात बाटली होती, समोर धरलेली. तिच्यातून एक पिवळा ठिपका पायवाटेवर पडत होता आणि ती जणू त्याच्या मागोमाग येत होती. दोनशेला ती थांबली. तिथं वाट दोन बाजूंना फुटत होती. एक आमच्याकडे, दुसरी दरीकडे. आक्कानं मान कलती केली. ऐकत राहिली.

काका उठून धावणार, तेवढ्यात ताईनं त्यांचा खांदा दाबला. "थांबा. त्यांना पायांवर यायचंय." आणि ती वाकली, माझी साखळी दोन्ही हातांनी उचलली आणि हलवली.

छुम, छुम, छुम.

आक्काचा चेहरा आमच्याकडे वळला. मी तिला तोवर कधी पाहिलं नव्हतं, पण ती मला रोज ऐकत होती, वरून, उंबऱ्यात बसून, दिवसेंदिवस जवळ येताना. ती चालू लागली. तीनशे. तीनशे पन्नास. तिला दम लागला होता, पण आकडा चुकत नव्हता. चारशेव्या पावलाला तिची काठी माझ्या चाकावर टक्कन आपटली.

"साखळी कोण हलवत होतं?" तिनं विचारलं.

"मी, ग्रेडरवाली."

"हुशार आहेस. आणि हा आमचा शहाणा कुठं आहे?"

"आक्का, रस्ता दारात आला नाही गं," काका म्हणाले.

"दार कुठं पळून जातंय का?" आक्कानं बाटली त्यांच्या छातीला लावली. "ही घे आधी. हिच्यावाचून तुझं घोडं अडलं म्हणे. अरे, सांगायचं होतंस, मांडीवरून उचलून घ्यायची होती. चारशे पावलं मी आले, बाकीचे अठरा किलोमीटर तू आलास. वाटणी काही फार चुकलेली नाही." मग नर्सबाईंच्या दिशेनं वळून म्हणाली, "चाकं कुठंयत तुमची? दाखवा."

गाडीत बसताना ती पुटपुटत होती. काकांनी ओळखलं, आईचीच ओळ होती, शेवट तिनं बदलला होता.

*वाट गं वळणाची, आली आली म्हणता राहिली,*
*चारशे पावलांची तूट माझ्या पायांनी भरिली.*

दीड महिन्यानं आक्का डेपोत आली. दोन्ही डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मला सगळीकडून पाहिलं, माझ्या पोटावर टिचकी मारली. "एवढीशीच? आवाजावरून मला हत्तीण वाटली होती." मग भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि तू रे, तू कधी म्हातारा झालास?"

पुढच्या वर्षी काम वरून सुरू झालं, त्या चारशे पावलांपासून. साहेबांनी ताईचा नियम वर कळवला आणि खरी चूकही लिहिली. मला वाटलं, आता भंगार. पण वरून माणसं आली ती टेप घेऊन. माझी लांबी, रुंदी, तोटी, जाळी, सगळं मोजून गेली. दुसऱ्या डेपोंत माझ्या बहिणी तयार झाल्या. पेंटरनं माझ्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी बाटली, मग नळी. मी फुगले होते, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

मग दिवस सरले. आकडे स्वतःच दाखवणारी, बटण दाबलं की तेल देणारी नवी गाडी आली. काका निवृत्त झाले. जाताना माझ्या तोटीला तेलाचं बोट लावून गेले. मला शेडच्या मागे ढकललं. चाकं मातीत रुतली, साखळीवर गंज चढला, गवत पंपाच्या दांड्यापर्यंत आलं. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. वारा येऊन गुणगुणायचा आणि मी आत वळणं मोजत बसायचे. पंधरावा दगड, सोळावा, ग्रेडर बंद पडला ते वळण.

एका सकाळी गवत बाजूला झालं. समोर ताई उभी होती. केस पांढरे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आता डेपोची साहेब तीच होती. सोबत तो अबोल वेल्डर, पाठीत वाकलेला.

"हिला पाण्याची करायची," ताई म्हणाली. "मुरूम दाबायच्या आधी रस्त्यावर पाणी मारायला."

वेल्डरनं मला धुतलं, पुन्हा धुतलं. मग काठोकाठ पाणी भरलं आणि त्यानंतरच कापायला ज्योत पेटवली. "तेलाच्या टाकीचं पोट भरल्याशिवाय आग जवळ न्यायची नाही," तो म्हणाला. आयुष्यातलं त्याचं दुसरं वाक्य.

ज्या ओंजळभर पाण्यानं एकदा मला मान खाली घालायला लावली होती, तेच पाणी आता मी पोटभर घेऊन फिरते. ते मागच्या नळीतून झारीसारखं झरतं आणि धूळ निमूट खाली बसते. नवी पोरं विचारतात, पाण्याच्या टाकीवर बाटलीचं कशाला लिहिलंय? मग ताई त्यांना उन्हात उभं करते, नव्या गाडीतलं तेल बाटलीत घेऊन वर धरायला लावते आणि ही सगळी गोष्ट सांगते. काकांनी खरं बोललेलं ती कधी गाळत नाही.

माझं मागणं थोडं आहे, मित्रांनो. यंत्र असो, जनावर असो की माणूस, कुणालाही अर्ध्या पोटी गारठ्यात उभं ठेवू नका. आत काय साचतं ते वरून दिसत नाही. आणि ज्या दिवशी फार घाई असेल, जीव कुणासाठी तरी टांगणीला लागला असेल, त्या दिवशी तर बाटली आधी उन्हाकडे धरा.

पाण्याच्या टाकीला साखळीची गरज नसते. वेल्डर ती काढायलाच निघाला होता. ताईनं त्याचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली.

म्हणून आजही मी वर चढते तेव्हा ती वाजते. अठरावा किलोमीटर येतो, शेवटचं वळण येतं आणि एका घराच्या उंबऱ्यात फार म्हातारी झालेली आक्का मान कलती करते. समोर सगळा रस्ता स्वच्छ दिसत असतो. तरी ती आधी डोळे मिटून ऐकते, मनाशी काहीतरी मोजते आणि मगच चष्मा सारखा करून माझ्याकडे बघते.